पाच बाय आठच्या न्हाणीघरासाठी छतातला स्पीकर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कारेलीबागेतील सदनिकेत पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब न्हाणीघर आहे, आठ फुटांवर जिप्समचे फॉल्स सिलिंग आहे आणि त्याच्या वरून वरच्या मजल्याचे सांडपाण्याचे पाइप गेलेले आहेत. शहात्तर वर्षांच्या सासऱ्यांना सकाळी स्नान करताना बडोदा दरबारचे गायक उस्ताद फैयाज खाँसाहेब यांचे जुने ध्वनिमुद्रण ऐकायचे असते, आणि त्या नादात मोबाइल दोनदा बादलीत पडून झालेला आहे. अंतर्गत सजावटीच्या ठेकेदाराने आठ इंची दोन ब्लूटूथ स्पीकर सुचवले आहेत. ते घ्यावेत का, कोठे बसवावेत आणि ओल्या जागेत विजेचा धोका कितपत, हे आपण विचारले आहे.

मी बडोद्यात गेली बावीस वर्षे घरांत आणि लहान सभागृहांत ध्वनियंत्रणा बसवतो. माझे मत प्रथमच सांगतो: दोन नव्हे, एकच स्पीकर घ्यावा, आठ इंची नव्हे, सव्वापाच किंवा फार तर साडेसहा इंची घ्यावा, ब्लूटूथ आणि अॅम्प्लिफायर न्हाणीघराच्या बाहेर ठेवून छतात फक्त साधा स्पीकर आणि त्याची दोन तारांची जोडी एवढेच असू द्यावे. ठेकेदार वाईट हेतूने सांगत असेल असे मला वाटत नाही. दिवाणखान्यात जे शोभते तेच तो न्हाणीघरात मोजून देतो, इतकेच.

दोन स्पीकरांचा हेतू डावा-उजवा असा भेद ऐकू यावा हा असतो. पाच फुटांच्या रुंदीत, चहूबाजूंनी टाइल असताना, बसण्याची जागाही भिंतीला लागून असताना हा भेद कानाला कळत नाही. उलट तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित मागेपुढे कानावर येतो आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. डोके हातभर हलले की गाण्याचा पोत बदलतो. शिवाय आपले ऐकणे मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे आहे, आणि त्या मुळातच एकाच वाहिनीच्या, म्हणजे ‘मोनो’, आहेत, म्हणजे दोन स्पीकरांनी वेगळे असे काही वाजवायचे शिल्लकच राहत नाही. पुढे घरातल्या तरुण मंडळींना चित्रपटसंगीत ऐकायचे झाले, तर दोन्ही वाहिन्या एकाच स्पीकरात घेणारे, दुहेरी व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) आणि दोन ट्विटर (तार स्वरांचे छोटे स्पीकर) असलेले छताचे स्पीकर मिळतात. ते घेतल्यास काही गमावत नाही. साधा एकेरी स्पीकर घेतला, तर मोबाइलच्या सुलभता-सेटिंगमध्ये ‘मोनो’ ध्वनी चालू करावा, म्हणजे एका बाजूची वाद्ये गायब होणार नाहीत. एक कान कमी ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना तसेही मोनोच सोयीचे पडते.

आठ इंचीला माझा विरोध आहे तो खर्जामुळे. कोणत्याही बंद खोलीत समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांमध्ये ठरावीक कंपनसंख्येचा स्वर घुमतो. ध्वनीचा वेग त्या अंतराच्या दुपटीने भागला की ती संख्या मिळते. आपल्या न्हाणीघराची लांबी आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर आहे, आणि ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर उत्तर येते जवळजवळ ७० हर्ट्झ. छताची उंचीही नेमकी आठ फूट असल्यामुळे तेच ७० हर्ट्झ पुन्हा येते. रुंदीचे ११३ हर्ट्झ येतात. लांबी आणि उंची सारखी असणे हे खोलीच्या दृष्टीने दुर्दैव आहे, कारण एकाच ठिकाणी दोन घुमारे एकमेकांवर बसतात. अशा जागी आठ इंची स्पीकर लावणे म्हणजे ज्या स्वराला आवरायचे त्यालाच चिथावणी देणे होय. तबल्याचा डग्गा तेवढा दणकतो आणि गायकाचा शब्द त्याखाली चेपला जातो. लहान स्पीकर ७० हर्ट्झपर्यंत फारसा पोहोचतच नाही, आणि येथे त्याची ही उणीवच आपल्या उपयोगी पडते. अॅम्प्लिफायरवर खर्ज कमी करण्याची सोय असली, तर ती निःसंकोच वापरावी. जुन्या तबकड्यांत खालचा खर्ज आणि साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचा भाग नावापुरताच असतो, त्यामुळे सासऱ्यांच्या आवडीचे काहीही यात हरवत नाही.

वॉटच्या आकड्यांनीही भुलू नये. एका वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा मध्यम प्रतीचा स्पीकर घेतला आणि स्टुलावर बसलेल्या माणसाचा कान छतापासून दीड मीटरवर धरला, तर एका वॉटमध्येच तेथे ८३-८४ डेसिबल पोहोचतात, आणि भिंतींवरून परतणारा आवाज त्यात वेगळा मिळतो. म्हणजे रोजच्या ऐकण्याला एक वॉटही पुरून उरतो. वीस वॉटचा अॅम्प्लिफायर आपल्याला पुष्कळ झाला. डब्यावर दोनशे वॉट छापलेले असले, तरी ती छपाई आहे, आवाज नव्हे.

आता खरी अडचण, म्हणजे घुमणे. प्रतिध्वनी विरायला किती वेळ लागतो ते काढण्याचे ध्वनिशास्त्रज्ञ सॅबिन यांचे सूत्र प्रसिद्ध आहे: खोलीचे घनमीटर गुणिले ०.१६१, भागिले खोलीतील एकूण शोषण. ते मोठ्या दालनांसाठी आहे आणि इतक्या लहान खोलीला काटेकोरपणे लागू पडत नाही, पण अंदाज बरा देते. आपले न्हाणीघर सुमारे नऊ घनमीटरचे आहे आणि पृष्ठभाग पावणेसत्तावीस चौरस मीटर. सगळीकडे टाइलसारखे शेकडा दोन शोषण धरले, तर उत्तर अडीच सेकंदांच्या वर जाते. सेकंदाला आठ स्वरांची तान घेतली तर पहिला स्वर पुरता विरण्याआधी पुढचे वीस स्वर त्यावर येऊन पडतात. तानपुऱ्याला हे सुखावते, बोल-तानेचा, म्हणजे शब्द घेऊन केलेल्या तानेचा, मात्र चिखल होतो, आणि ज्यांच्या बोल-अंगासाठी ही तबकडी लावायची त्या गायकाचे हेच ऐकू न येणे बडोद्यात तरी शोभत नाही.

यावर उपाय महागडा नाही. सॅबिन यांनी शोषणाचे मापच उघड्या खिडकीवरून घेतले होते, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आपल्या न्हाणीघराला झडपांची दोन चौरस फुटांची खिडकी असेल आणि ती उघडी ठेवली, तर अडीच सेकंदांचे दोन होतात. आत एक माणूस आला की तेच सव्वा ते दीडवर येते, आणि भिंतीवर दोन जाड पंचे टांगलेले असले तर आणखी थोडे उतरते. म्हणून स्पीकर कोणताही घ्या, त्याची परीक्षा रिकाम्या न्हाणीघरात करू नका. रिकाम्या खोलीत ऐकून नाराज झालेले आणि दुकानदाराशी भांडायला निघालेले दोन-तीन गृहस्थ मला भेटले आहेत.

जागा निवडताना तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर स्पीकर असला, तर लांबीचा ७० हर्ट्झचा घुमारा फारसा उठत नाही. कोपऱ्यात ठेवला तर तो सर्वांत जोरात उठतो. म्हणून कोपरा टाळावाच. दुसरे, सासरे स्टुलावर बसून बादलीने स्नान करत असतील, तर स्पीकरचे तोंड त्यांच्या बसण्याच्या जागेकडे असावे, कारण तार स्वर आणि शब्दांची व्यंजने सरळ रेषेतच नीट पोहोचतात. तिसरे, शॉवरच्या तोटीपासून आणि एक्झॉस्ट पंख्यापासून किमान दोन फूट अंतर राहावे. शॉवरजवळ पाणी उडते, पंख्याजवळ घरघर ऐकू येते आणि सगळी वाफ तिकडेच ओढली जाते. आपण पाठवलेल्या आराखड्यात दिवा मध्यभागी आहे. दिव्यापासून दीड वीत दाराच्या बाजूला, स्टुलाच्या जवळपास वर, ही जागा मला तिन्ही दृष्टींनी बरी वाटते.

यापुढचा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण न्हाणीघरातील स्पीकर बहुधा खालच्या वाफेने मरत नाहीत, वरच्या पाण्याने मरतात. आपल्या फॉल्स सिलिंगच्या वर जी दीड-दोन फुटांची पोकळी आहे, तीत वरच्या बिऱ्हाडाचा नहाणी ट्रॅप (मोरीचे सांडपाणी जाते ते भांडे) आणि त्याचे जोड आहेत. ते आज कोरडे असतील. पण कधीतरी एखादा जोड पाझरणार, आणि तो पाझर पहिल्यांदा कळणार तो छतावरच्या पिवळ्या डागाने. दांडिया बाजाराजवळच्या एका घरात मी बसवलेला उत्तम प्रतीचा, समोरून पाण्याच्या फवाऱ्याला दाद न देणारा स्पीकर आठ महिन्यांत बंद पडला. उघडून पाहिले तर समोरची जाळी कोरडी खडखडीत होती आणि मागच्या चुंबकावर गंजाचा थर होता. तो दोष स्पीकरचा नव्हता. जोडाच्या बरोबर खाली भोक पाडणारा मीच होतो, आणि भोक पाडण्याआधी दहा मिनिटे टॉर्च घेऊन ट्रॅपडोअरमधून, म्हणजे छतातल्या तपासणीच्या झडपेतून, वर पाहिले असते तर ते टळले असते.

तेव्हा प्रथम ट्रॅपडोअर उघडून पोकळी नीट पाहावी. पाइपांचे जोड, स्लॅबवरचे ओलाव्याचे डाग आणि पांढरा क्षार कोठे आहे ते कागदावर उतरून घ्यावे, आणि स्पीकर त्यापासून दूर ठेवावा. क्षार जमलेला दिसला तर स्पीकरचा विषय बाजूला ठेवून आधी वरच्या मंडळींशी बोलून गळती बंद करून घ्यावी. त्याच वेळी एक्झॉस्ट पंखा हवा कोठे सोडतो तेही पाहावे. छतात बसवलेला पंखा नळी न जोडता पोकळीतच वाफ सोडतो, असे काम आपल्या शहरात मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता आश्चर्य वाटत नाही. तसे असेल, तर श्रावणात ती पोकळी म्हणजे वाफेचे कोठार होते आणि तेथे कोणताही स्पीकर टिकणार नाही. पंख्याची नळी बाहेरच्या भिंतीपर्यंत नेऊन सोडलीच पाहिजे.

स्पीकरच्या पाठीवर झाकण अवश्य असावे. तयार बॅक-बॉक्स मिळतो. मात्र तो छतातल्या भोकापेक्षा मोठा असल्यामुळे खालून आत जात नाही, ट्रॅपडोअरमधून घालावा लागतो, म्हणून मापे आधी जुळवावीत. तो बसत नसेल, तर मांडवीच्या बाजारात मिळणारा जाड प्लॅस्टिकचा खोलगट टब उपडा घालून मी अनेकदा काम भागवले आहे. दिसायला तो ओबडधोबड असतो, पण पोकळीत बघायला येतो कोण? झाकण छत्रीसारखे काम करते, वरचे थेंब बाजूला ओघळतात. शिवाय पाली आणि झुरळे आत शिरत नाहीत आणि वरच्या बिऱ्हाडाकडे जाणारा आवाजही कमी होतो. तार आत घेण्याचे भोक झाकणाच्या माथ्यावर कधीही पाडू नये, बाजूला पाडावे, आणि तार आत जाण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल.

स्पीकर घेताना तो हातात घेऊन पाहावा. कोन, म्हणजे आवाज काढणारा शंकूच्या आकाराचा पडदा, पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा हवा. कागदी कोन दमट हवेत मऊ पडतो. कोनाभोवतीची कड रबराची असावी, फोमची असल्यास ती काही वर्षांत भुगा होऊन गळते. जाळी अॅल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. लोखंडी जाळीला चुंबक लगेच चिकटतो, म्हणून फ्रिजवरचा एखादा चुंबक खिशात ठेवून दुकानात गेल्यास वाद घालावा लागत नाही. डब्यावर आयपी क्रमांक असतो. त्यातला पहिला अंक धुळीविषयी आणि दुसरा पाण्याविषयी सांगतो. दुसऱ्या जागी ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे, ५ म्हणजे फवारा. आपल्या छताला आयपी ४४ पुरेसे आहे. पण हा क्रमांक बहुतेक वेळा छतात बसवल्यानंतरच्या समोरच्या बाजूपुरता असतो, पाठीला त्याचे संरक्षण नसते, हे विसरू नये.

बाजारात छताचे म्हणून जे स्वस्त स्पीकर समोर येतात, ते पुष्कळदा कार्यालयांतील घोषणांसाठीचे, शंभर व्होल्टच्या लाइनवर चालणारे असतात. त्यांच्या पाठीवर एक लहानसा ट्रान्सफॉर्मर दिसतो. घरगुती अॅम्प्लिफायरला जोडले तर ते पुटपुटल्यासारखे वाजतात, आणि त्यांच्या योग्य अॅम्प्लिफायरला जोडले तर न्हाणीघराच्या छतात शंभर व्होल्ट नेऊन ठेवल्यासारखे होते. दोन्ही गोष्टी आपल्याला नकोत. स्पीकर ८ ओहमचा, ट्रान्सफॉर्मर नसलेला घ्यावा.

विजेच्या धोक्याविषयी आपली काळजी रास्त आहे. ठेकेदाराने सुचवलेल्या ब्लूटूथ स्पीकरांत वीजपुरवठा स्पीकरमध्येच असतो, म्हणजे २३० व्होल्टची तार त्या दमट पोकळीत न्यावी लागते. शिवाय ते इलेक्ट्रॉनिक सर्किट गिझरच्या उबेत आणि वाफेत बिघडले, तर छत उघडण्यावाचून गत्यंतर नसते. साध्या स्पीकरला मात्र वीस वॉटच्या पूर्ण आवाजातही तेरा व्होल्टांहून कमी मिळतात. आंतरराष्ट्रीय नियमांत शॉवरखालच्या जागेचा ओला विभाग जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत धरतात. आपले छत २.४४ मीटरवर, म्हणजे त्याच्या थोडेसेच वर आहे. परंतु आपल्याकडे बादली, तांब्या आणि हँडशॉवर यांनी पाणी कोठेही उडते, म्हणून मी संपूर्ण न्हाणीघरच ओला विभाग मानून काम करतो. अॅम्प्लिफायर बाहेर कपाटात, हवा खेळेल अशा जागी ठेवावा, त्याचा अॅडॉप्टर प्रमाणित असावा, आणि गिझरसह या भागाच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर स्पीकरच्या आधी ती बसवून घ्यावी. तिचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, माझ्यासारख्या आवाजवाल्याकडून नव्हे.

तार शुद्ध तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी. दहा मीटर अंतराला जाऊन-येऊन वीस मीटर तांबे लागते आणि त्याचा रोध पाव ओहमच्या आत राहतो, तो आठ ओहमपुढे नगण्य आहे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार ‘स्पीकर वायर’ या नावाने सर्रास विकली जाते. दमट जागी तिचे टोक लवकर खराब होते. टोक सुरीने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर परत द्यावी. ही तार विजेच्या तारांच्या पाइपातून ओढू नये, तिला स्वतंत्र पाइप द्यावा. जोड सोल्डर करून त्यावर चिकट अस्तराची हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवावी.

भोक पाडण्यापूर्वी बोटाने ठोकून आणि ट्रॅपडोअरमधून पाहून छत पेलणारे पत्र्याचे चॅनेल कोठून गेले आहेत ते निश्चित करावे, कारण चॅनेल कापला तर छत तेथे लोंबू लागते. स्पीकरसोबत आलेला कागदी नमुनाच वापरावा, नुसत्या इंचांवर विसंबू नये. पोकळीत स्पीकरच्या पाठीला लागणाऱ्या खोलीपेक्षा तीन-चार बोटे जास्त जागा असावी. जिप्सम हिरवे, म्हणजे ओलावा सोसणारे नसेल, तर कापलेल्या कडेला प्राइमरचे दोन हात द्यावेत. स्पीकरचे पंजे नुसत्या जिप्समला आवळू नयेत. वरून वॉटरप्रूफ प्लायची कडी ठेवून तिच्यावर आवळावेत, म्हणजे भोकाची कड चुरगळत नाही आणि खर्जाबरोबर छतही खडखडत नाही. शिवाय स्लॅबला एक हूक ठोकून स्पीकरला पातळ स्टीलच्या तारेने बांधून ठेवावे. दोन किलोची वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर टांगायची आहे, तेव्हा ही तार मी कोणाच्याही सांगण्यावरून गाळत नाही.

स्पीकरच्या कडेला सिलिकॉन लावायचे असेल तर न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि जवळच्या तांब्याला व लोखंडाला खाते. सुरुवातीच्या वर्षांत मी ते बिनदिक्कत वापरले आणि त्याची किंमत मोजली. सिलिकॉनची गोल रेघ फक्त चौकट आणि छत यांच्या मध्ये द्यावी, जाळीवर नको, नाहीतर पुढे दुरुस्तीसाठी जाळी निघणारच नाही.

चालवण्याची सोय सासऱ्यांच्या हाताला साजेशी ठेवावी. ब्लूटूथ असलेला लहान अॅम्प्लिफायर बाहेरच्या कपाटात असला, की मोबाइल बाहेरच चार्जिंगला राहू शकतो. जुन्या मोबाइलमध्ये तबकड्यांची यादी भरून तो कायमचा कपाटात ठेवला, तर त्याहून उत्तम. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची असते, त्यामुळे पाच-सहा बाजूंची यादी म्हणजे एका निवांत स्नानाचा हिशेब झाला. यादी संपली की पाणी बंद करायचे, असा संकेत एका घरी आपोआप रुळलेला मी पाहिला आहे. आवाज कमी-जास्त करण्याचे गोल बटण दाराबाहेर, स्विचबोर्डाच्या उंचीला बसवावे.

आवाजाची पातळी ठरवण्याचे काम सगळ्यात शेवटी, आणि सासरे आत असतानाच करावे. खिडकीच्या झडपा उघड्या, पंचे टांगलेले, दार लावलेले आणि बादलीवरचा नळ पूर्ण सोडलेला अशा स्थितीत एखादी तबकडी लावावी आणि आपण स्वयंपाकघरातून त्यांना नेहमीच्या आवाजात हाक मारावी. ओ आली नाही तर आवाज थोडा उतरवून पुन्हा हाक मारावी. जेथे ओ येईल तेथे बटणाच्या बाजूला नेलपॉलिशचा एक ठिपका द्यावा, आणि घरातील सर्वांना सांगून ठेवावे की ते स्नानाला गेल्यावर बटण या ठिपक्याच्या पुढे न्यायचे नाही.